पक्केकाकांचा कोमट प्लग

पक्केकाकांना कुणी त्यांची चूक दाखवली की ते आधी हसायचे. ते हसू ज्यानं एकदा पाहिलं, तो पुन्हा त्यांची चूक काढायच्या भानगडीत पडत नसे.

वायरिंगची कामं करण्यात त्यांचा जन्म गेला. गोदामांच्या रस्त्यावरच्या अंधाऱ्या खोल्यांपासून टेकडीवरच्या लिफ्टवाल्या इमारतींपर्यंत, त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर लागला नाही असा बोर्ड सापडणं कठीण. काम संपलं की बोटाच्या पेरानं बोर्डावर टकटक करायचे आणि म्हणायचे, "पक्कं." एवढंच. त्यावरून हे नाव. सगळं गाव त्यांना याच नावानं हाक मारायचं. एक बायकोचा भाऊ तेवढा मारत नव्हता, कारण त्याला या घराचा उंबरा चढायची बंदी होती.

यंदाच्या थंडीत त्या भावाचं पोटाचं ऑपरेशन झालं. त्याला घरात सगळे धाकटा म्हणायचे. धाकटा म्हणजे आता केस पांढरे झालेला, बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलून पाठ वाकलेला माणूस. पण बहिणीच्या लेखी धाकटा तो धाकटाच. ती दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती, त्यामुळे चादरी घेऊन जाताना-येताना त्याच्या खाटेशी जाऊन बसायची. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की आता सोडणार, पण जिने चढायचे नाहीत, वेळेवर ऊन ऊन जेवण हवं आणि हाकेच्या अंतरावर कुणीतरी हवं. धाकटा राहायचा कुठे? तिसऱ्या मजल्यावर, कारखान्यातल्या तिघांबरोबर एका खोलीत. जिना असा उभा की धडधाकट माणसानं मध्ये दोनदा दम खावा.

तिनं घरी येऊन नवऱ्याला विचारलं, आपली मागची खोली रिकामीच असते, हीटरही आहे तिथे, महिना-दीड महिना त्याला आणू या का. पक्केकाका पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही.

"आग लावणारा माणूस माझ्या घरात नको."

ती उठून मोरीकडे गेली. त्या दिवशी भांडी अशी घासली की शेजारणीनं येऊन विचारावं, काय झालं म्हणून.

आता ही आग काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, आणि त्यासाठी आधी पक्केकाकांच्या सोल्डरबद्दल सांगायला हवं. प्लगमध्ये जी वायर जाते तिच्या आत केसांसारख्या बारीक तारांचा जुडगा असतो. बाकीचे वायरमन काय करतात, तर तो जुडगा पिळतात, दुमडतात, पिनेच्या भोकात घालतात आणि वरून स्क्रू आवळतात. पक्केकाकांना हे काम म्हणजे चालढकल वाटायची. ते प्रत्येक टोकावर सोल्डर मारायचे. कथिल आणि शिसं वितळवून त्या साऱ्या तारांची मिळून एक चकचकीत काडी बनवायची, आणि मग ती काडी स्क्रूखाली. एक तार इकडे नाही, एक तिकडे नाही. गिऱ्हाइकाला टोक दाखवायचे, जशी एखादी आई पोराच्या पहिल्या पगाराची नोट दाखवते. दुसऱ्या कुठल्याही वायरमनला एवढं करायला सवड नव्हती, आणि ही गोष्ट पक्केकाका बोलण्याच्या ओघात दर घरात एकदा तरी काढायचे.

धाकटा त्यांच्याच हाताखाली शिकला. आई लवकर गेली, बहिणीनं वाढवला, लग्न होऊन आली तेव्हा जवळजवळ पदरात घेऊनच आली. हात चांगला होता पोराचा. पण जीभ होती ना तोंडात! एकदा कुणाच्या तरी घरी जुनं काम उघडलं तेव्हा त्याला दिसलं की सोल्डर मारलेलं टोक स्क्रूखाली चपटं झालंय आणि स्क्रू हातानं फिरतोय. त्यानं सरळ विचारलं, "दाजी, सोल्डर मऊ असतं. दाबाखाली ते हळूहळू सरकत असेल का? पिळून दुमडलेली तारच बरी, नाही का?" पक्केकाका हसले. तेच ते हसू. म्हणाले, तू अजून स्टूल धरायला शीक. त्यानंतरही धाकट्यानं हा विषय दोन-चार वेळा काढला, आणि दर वेळी पक्केकाकांना वाटलं की कामचुकार माणूस कारणं शोधतोय.

मग शिंप्याच्या दुकानाचं काम आलं. नाक्यावरचा शिंपी, दुकान कपड्यांनी गच्च भरलेलं, आणि त्याला मोठ्या इस्त्रीसाठी नवा प्लग हवा होता. पक्केकाका बोर्ड बघत होते, प्लग धाकट्यानं बसवला. वर्ष उलटायच्या आत एका दुपारी शिंपी जेवायला घरी गेला, इस्त्री चालूच राहिली, आणि प्लगनं पेट घेतला. शेजारच्यांनी पाणी मारून आग विझवली, माणसाला काही झालं नाही. पण लोकांचे अर्धे शिवलेले कपडे, दोन मशीनं, भिंतीवरचे सगळे नमुने, सारं खाक. शिंप्याची तीस वर्षांची गिऱ्हाइकी तिथेच संपली. पुढे तो दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करायला बसला.

पक्केकाका स्वतः जाऊन बघून आले. जळका प्लग त्यांनी चार माणसांसमोर फोडला. आत काळंठिक्कर तांबं, मोकळ्या तारा, सोल्डरचा मागमूस नाही. झालं. त्यांनी तिथेच, त्याच चार माणसांसमोर सांगून टाकलं की यानं सोल्डर मारलंच नाही, यानं कंटाळा केला. धाकटा म्हणत राहिला, "मी मारलं होतं, दाजी. तुम्ही सांगता तसंच केलं होतं." पण आधी इतक्या वेळा उलट बोललेल्या माणसाचं कोण ऐकणार? ज्यानं सोल्डर नको नको म्हणून डोकं खाल्लं, त्याच्या हातचं सोल्डर प्लगमध्ये नाही. याहून सरळ हिशोब कुठला?

तेव्हापासून धाकट्याला कुणी स्टुलावर चढू दिलं नाही. जमत आलेलं लग्न होतं, मुलीच्या बापानं चौकशी केली आणि नकार कळवला. म्हणे, दुकान जाळलेला हाच ना? त्यानं धंदा सोडला, बर्फाच्या कारखान्यात गेला. बहीण त्याला बाहेरच्या बाहेर भेटायची. कधी बाजारात, कधी बसथांब्यावर, एखाद्या चोरट्या बाईसारखी, तीही स्वतःच्या सख्ख्या भावाला. पक्केकाकांना ते माहीत होतं. ते कानाडोळा करायचे आणि त्यातच आपला मोठेपणा मानायचे.

तर भांडी आदळल्यानंतरची गोष्ट. बायकोनं परत विषय काढला नाही, पण दवाखान्यातून आली की मागची खोली झाडायला लागली. गादी वाळवली. भिंतीला ओल होती म्हणून हीटर लावून ठेवायला लागली. नवऱ्यानं विचारलं की कशाला एवढी वीज जाळतेस, तर म्हणाली, ओल लागून कपाट खराब होतंय. कपाटाची काळजी तिला एकाएकी का लागली हे न कळण्याइतके पक्केकाका बावळट नव्हते. धाकट्याला पुढच्या आठवड्यात सोडणार होते आणि ती आपल्या परीनं दार किलकिलं करून बघत होती, एवढं त्यांना दिसत होतं.

एका संध्याकाळी हीटर बंद करताना तिनं प्लग उपटला आणि हात झटकला. म्हणाली, अहो, हा फार गरम लागतोय. पक्केकाकांनी हात लावून बघितला. भाजत नव्हता, पण कोमटपेक्षा अंमळ जास्तच होता. ते म्हणाले, हीटरचा प्लग थोडा तापणारच. ती म्हणाली, इतके दिवस तापत नव्हता. यावर त्यांनी तिला सांगितलं की तूच वाकडा खोचला असशील.

हीच त्यांची रीत होती. बिघाड शोधताना आधी दोष गिऱ्हाइकाचा, मग वस्तूचा, मग सॉकेटचा, आणि आपल्या कामाचा नंबर लागायचाच झाला तर सगळ्यात शेवटी. घरच्या गिऱ्हाइकाला वेगळा न्याय कशाला?

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः प्लग सरळ खोचला आणि पेपर घेऊन शेजारी बसले. तासाभरानं हात लावला. गरम. म्हणजे बायकोचा दोष गेला. मग सॉकेटवर आले. सॉकेट उघडलं, आतली पट्टी सैल झाली असेल म्हणून नवीन सॉकेट बसवलं. परत तासभर. परत गरम. मग शेजाऱ्याकडचा हीटर मागून आणला, तेवढ्याच ताकदीचा, कंपनीतून एकसंध प्लग लावून आलेला. तो आपल्या सॉकेटला लावला, प्लग गारच्या गार. मग आपला हीटर उचलून शेजाऱ्याकडे नेला, त्याच्या सॉकेटला लावला, तिथेही आपला प्लग तापला. शेजारी म्हणाला, काका, मग बिघाड तुमच्या प्लगमध्येच की. शेजारी बँकेत कारकून. त्याला जे कळलं ते पक्केकाकांना कळलं नव्हतं असं नाही. पण तोंडानं बोललं की ते खरं होतं, म्हणून ते बोलले नव्हते एवढंच. प्लग त्यांनीच बसवलेला होता. टोकांवर सोल्डर मारून.

घरी येऊन त्यांनी प्लग उघडला. स्क्रूला स्क्रू-ड्रायव्हर लावला आणि तो दीड आटा सहज फिरला. सैल होता. त्यांना हायसं वाटलं. म्हणजे स्क्रू आवळायचा राहिला होता, बस. आवळला. प्लग गार झाला. बायकोला हाक मारून दाखवलं, बघ, एवढंच होतं. आणि टकटक करून म्हणाले, पक्कं.

चार दिवसांनी तोच प्लग परत कोमट. परत उघडला, परत स्क्रू सैल. आता पक्केकाकांचं डोकं फिरलं. मी आवळलेला स्क्रू आपोआप सैल होतोय? त्यांनी टोक बाहेर काढलं आणि खिडकीशी नेऊन बघितलं. ती त्यांची चकचकीत काडी चेपून पसरट झाली होती आणि स्क्रूच्या खाली तिला खळगा पडला होता. त्यांनी नखानं दाबून बघितलं. दाबलं तसं दबलं. मऊ. स्क्रू कितीही आवळा, खालचं सोल्डर हळूच बाजूला सरकणार, स्क्रू सैल होणार, सैल जागी वीज अडखळणार, ती जागा तापणार, तापली की सोल्डर आणखी मऊ. ही सगळी साखळी त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. एका पोरानं स्टूल धरून उभं राहून ती कधीच सांगितली होती.

त्यांनी सोल्डरचं टोक कापून टाकलं. वायर नव्यानं सोलली, तारा पिळल्या, दुमडल्या, भोकात घातल्या, स्क्रू आवळला. अगदी बाकीच्यांसारखं, चालढकल करणाऱ्यांसारखं. प्लग सॉकेटला लावून हीटर चालू ठेवला आणि घटकेघटकेला हात लावत बसले. गार. दुसऱ्या दिवशी गार. तिसऱ्या दिवशीही गार.

इथवर आलं तरी एक वाट उरली होती, आणि पक्केकाका त्या वाटेनं पळायला लागले. ठीक आहे, सोल्डर दबतं. पण शिंप्याच्या प्लगमध्ये सोल्डर नव्हतंच ना! मी डोळ्यांनी बघितलं. चार माणसांनी बघितलं. म्हणजे ती आग याच्या कंटाळ्याचीच. त्यांनी स्वतःला हे इतक्यांदा सांगितलं की शेवटी त्यांनाच संशय आला, खरी गोष्ट इतक्यांदा सांगावी लागते होय?

बायको कामाला गेली होती. भर दुपार. पक्केकाकांनी कापून टाकलेलं ते टोक शोधून काढलं, पकडीत धरलं आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला. टोक ज्योतीवर धरलं. बघता बघता चकाकी थरथरली, एका बाजूला गोळा झाली आणि टपकन खाली पडली. एक छोटासा चंदेरी थेंब, शेगडीवर. पकडीत राहिल्या मोकळ्या तारा. थोड्या वेळानं त्या काळ्या पडल्या. काळंठिक्कर तांबं, सोल्डरचा मागमूस नाही.

त्यांनी गॅस बंद केला आणि तिथेच स्टुलावर बसले. शिंप्याचा जळका प्लग फोडला तेव्हा त्याच्या तळाशी एक थेंब होता. वाटाण्याएवढा, काजळीनं माखलेला, पण एका बाजूनं चकाकणारा. त्यांनी तो बोटानं उडवून लावला होता. तेव्हा वाटलं, पिनेचं पितळ वितळलं असेल. पितळ? एवढ्याशा आगीत पितळ वितळत नाही, हे वायरमनच्या पोराला कळतं. त्या दिवशी ते त्यांना कळलं नाही, कारण त्यांना कळून घ्यायचं नव्हतं. धाकट्यानं सोल्डर मारलं होतं. त्याला पटत नव्हतं, तरी दाजी म्हणतात म्हणून मारलं होतं. दुकान त्याच्या कंटाळ्यानं जळलं नाही. दुकान पक्केकाकांच्या पक्क्या कामानं जळलं, आणि ते काम धाकट्यानं फक्त त्यांचं ऐकून केलं होतं.

मग माणसानं काय करावं? सांगा बरं. उठावं, दवाखाना गाठावा, खाटेशी बसावं आणि म्हणावं, अरे, चूक माझी होती. चार शब्द. इतकी वर्षं ज्याचं तोंड चालत होतं, त्याला चार शब्द जड आहेत का?

जड झाले. पक्केकाका उठले, शेगडीवरचा थेंब नखानं खरवडला आणि केराच्या डब्यात टाकला. संध्याकाळी बायको आली. तिनं चपला काढायच्या आत ते म्हणाले, त्याला परवा सोडतायत ना, आण इकडे. ती जागच्या जागी उभी राहिली. खरंच ना, म्हणून तिनं दोनदा विचारलं. मग का, असं विचारलं. आणि इथे, ऐका, इथे पक्केकाकांना तोंड उघडायची संधी होती. त्यांनी उघडलंही.

"झालं गेलं. मी माफ केलं त्याला."

बायको रडायलाच लागली. इतक्या वर्षांत तिनं नवऱ्याचा हात असा धरला नव्हता. तुमचं मन मोठं आहे म्हणाली, मला माहीत होतं म्हणाली. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. त्या माणसाला तेव्हा जमीन दुभंगून पोटात घ्यावी असं वाटलं की नाही, मला ठाऊक नाही. वाटलं असेल तर चांगलंच आहे. वाटायलाच हवं होतं.

धाकटा आला. गाडीतून उतरायला त्याला वेळ लागला, एका हातानं पोट धरलेलं, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत त्याचा सगळा संसार. दारात येऊन थांबला. कुणी आत ये म्हणेपर्यंत तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा होता. बहीण मागून म्हणाली, अरे जा ना आत. तो नाही गेला. पक्केकाका म्हणाले, ये, तेव्हा गेला.

मागच्या खोलीत त्याचं बस्तान बसलं. बहिणीनं कामावर सुटी टाकली, त्याला भरवायचं तेवढंच बाकी ठेवलं. पक्केकाका मात्र दिवसभर घराबाहेर राहू लागले. जुन्या जुन्या गिऱ्हाइकांची दारं वाजवायचे; सहज आलो, म्हटलं तपासून जावं. प्लग उघडायचे, टोकं कापायचे, तारा पिळून दुमडून परत बसवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, वायर जुनी झाली की असं करावं लागतं. एके ठिकाणी पिनेच्या बुडाशी प्लास्टिक तपकिरी झालेलं निघालं, तिथे त्यांनी अख्खा प्लगच नवा बसवला. एक छदाम घेतला नाही. एवढं एक त्यांच्या पदरात टाकायला हवं. लोक म्हणायला लागले, या वयात, फुकट, घरोघर जाऊन! असा माणूस मिळणार नाही. आणि वर मेहुण्यालाही घरात घेतलंय म्हणे, ज्यानं दुकान जाळलं त्याला. पक्केकाका हे ऐकायचे, हत्यारं गोळा करायचे आणि निघायचे. बोर्डावर टकटक करायचं त्यांनी सोडलं होतं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

धाकटा सुधारत होता. भिंत धरून चालायला लागला, मग भिंत न धरता. पक्केकाका घरी असले की तो खोलीतून बाहेर यायचा नाही, आणि तो बाहेर असला की पक्केकाका पेपरात डोकं घालायचे. बहिणीला वाटायचं, इतक्या वर्षांचा दुरावा आहे, जाईल हळूहळू. तिनं एकदा मुद्दाम दोघांना एकाच वेळी जेवायला बसवलं. आपणही बसली. मग धाकट्यानं चमचा खाली ठेवला.

"दाजी, एक बोलायचं होतं. दवाखान्यात पडल्या पडल्या खूप विचार केला मी. इतकी वर्षं म्हणत आलो की मी सोल्डर मारलं होतं. मला तसं आठवतंय, तार तापवलेली, धूर आलेला. पण ते दुसऱ्या कुठल्या कामाचं आठवत असेल. माणसाला हवं तेच आठवतं. तुम्ही उघडून बघितलंत, नव्हतं म्हणजे नव्हतंच. मीच केलं नसणार. तुम्हाला खोटं पाडायला बघत होतो मी. चुकलं माझं."

हे तो रडतभेकत बोलला नाही. एखादं ओझं खाली ठेवणाऱ्या माणसासारखा, सावकाश, नीट बोलला. बहिणीनं डोळ्यांना पदर लावला. किती बरं वाटलं असेल तिला! भावानं चूक कबूल केली, नवऱ्यानं माफ केलं, घर परत एक झालं. तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, अहो, बोला ना काहीतरी.

पक्केकाकांच्या घशाशी आलं होतं. मी सांगतो, आलं होतं. मारलं होतंस तू, तीन शब्द. त्यांचे ओठ हललेसुद्धा. आणि मग त्यांनी बायकोचा चेहरा बघितला. काठोकाठ सुखानं भरलेला. आता हे बोललं तर तो चेहरा आपल्याकडे कसा बघेल, हे त्यांना दिसलं. धाकट्याचं काय होईल हे नाही दिसलं, आपल्याकडे कसं बघतील ते दिसलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "जेव."

धाकट्यानं मान हलवली. तो जेवला. त्या दिवसापासून तो बाहेरच्या खोलीत येऊन बसायला लागला, दाजींशी हवापाण्याच्या गोष्टी करायला लागला. चेहऱ्यावर तजेला आला. बहीण शेजारणीला म्हणाली, मनातलं बोलून टाकलं की माणूस किती हलका होतो बघा.

आणि थोड्या दिवसांनी, टाके पूर्ण भरल्यावर, एका सकाळी धाकटा कपडे करून बाहेर आला. दाढी केलेली, केस विंचरलेले, इस्त्रीचा सदरा. बहीणही तयार होती. पक्केकाकांनी पेपरातून वर बघून विचारलं, कुठे निघालात.

"शिंप्याकडे," धाकटा म्हणाला. "दुसऱ्याच्या दुकानात बसतात ना ते, तिथे. त्यांची माफी मागायची राहिली आहे, दाजी. तेव्हा मी मान्यच केलं नव्हतं. म्हातारे झालेत, नजर गेलीय म्हणे. आज नाही गेलो तर राहूनच जाईल."

पक्केकाका उठून उभे राहिले. पेपर हातातून निसटला. काय गरज आहे, म्हणाले. इतक्या वर्षांनी कशाला जुनं उकरून काढायचं, म्हणाले. तुझी तब्येत अजून बरी नाही, म्हणाले. बोलत राहिले, एका दमात, आणि जे बोलायला हवं होतं ते सोडून बाकीचं सगळं बोलले. धाकटा शांतपणे ऐकत होता. त्याला वाटलं, दाजी आपली काळजी करतायत.

"नाही, जायलाच हवं," तो म्हणाला. "तुम्ही माफ केलंत, पण नुकसान त्यांचं झालं होतं."

बहिणीनं दार उघडलं. गार वारा आत आला. धाकटा एक हात अजून पोटाशी धरून पायरी उतरायला लागला आणि पक्केकाका त्याच्या मागे दारापर्यंत गेले. दाराची कडी हातात धरून उभे राहिले. तोंड उघडलं.

"थंडी आहे," ते म्हणाले. "गळ्याला काहीतरी गुंडाळ."

धाकटा वळून हसला, मान डोलावली, आणि बहिणीच्या खांद्याचा आधार घेऊन दोघं कोपऱ्यावरून वळली.